मधली खुर्ची

“कुंदे, त्यांना विचार, पातळ भाजी वाढू का.”

“अण्णा, आई विचारतेय, पातळ भाजी वाढू का?”

“अर्धी पळी म्हणावं.”

“आई, अर्धी पळी.”

आई उठली, टेबलाला वळसा घालून गेली, अण्णांच्या ताटात अर्धी पळी भाजी वाढली आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. आमचं टेबल आठ माणसांचं आणि जेवणारी तिघं. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला आई आणि लांबीच्या बाजूला तीन खुर्च्यांपैकी मधल्या खुर्चीवर मी. आईचं बोलणं अण्णांना माझ्याइतकंच स्पष्ट ऐकू जायचं. पण मी सांगेपर्यंत त्यांच्या कपाळावरची रेघ हलायची नाही. ताटाकडे बघत थांबायचे आणि मी तोंड उघडलं, की आत्ताच कानावर पडल्यासारखं उत्तर द्यायचे. आईचंही तेच.

त्या संध्याकाळी नागपूरचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मार्च महिना, १९७९. मी बावीस वर्षांची होते आणि अकरा वर्षं हे काम करत होते. बिनपगारी, शिवाय रजा नाही.

अण्णा कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. कॉलनीत अधिकाऱ्यांचे चार बंगले होते आणि फक्त त्या चारांनाच डायनिंग होतं. बाकीची कॉलनी स्वैपाकघरात पाट मांडून जेवायची. आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी त्या टेबलावरून हात फिरवायच्या आणि मग आईकडे बघून हसायच्या. पुढे बसायची खोली, मागे स्वैपाकघर आणि दोन्हींच्या मधे हे डायनिंग. दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा, कारण त्याला खिडकीच नव्हती.

टेबल आलं त्या दिवशी अण्णांनी घरात एक नियम केला होता. त्यांच्या लहानपणी त्यांची आई सगळ्यांची जेवणं उरकल्यावर चुलीपाशी एकटी बसायची, पातेल्याच्या तळाशी उरलेल्या भातावर ताक ओतून घ्यायची. ते त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. ह्या घरात कुणी मागून जेवायचं नाही, तिघांनी एकदम बसायचं, असं त्यांनी सांगितलं. आई आधी अवघडली. दर दोन घासांनी उठून उगीच स्वैपाकघरात जाऊन यायची. मग तिला त्याची गोडी लागली. अण्णा लॅबोरेटरीतल्या गमती सांगायचे आणि ती पदर तोंडाला लावून हसायची, हे मला चांगलं आठवतं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन.

मी अकरा वर्षांची असताना आईच्या माहेरून, बेळगावहून तार आली. आजी अत्यवस्थ, लगेच या. टपाल कारखान्याच्या ऑफिसात यायचं, तार अण्णांच्या हातात पडली. त्या दिवशी गळीत हंगाम ऐन भरात होता आणि रस उकळायचं एक मोठं भांडं बिघडलं होतं. संध्याकाळी सांगू म्हणून अण्णांनी तार कोटाच्या खिशात ठेवली. संध्याकाळी ते घरी आलेच नाहीत, रात्र आणि दुसरा दिवस तिथंच काढला. ते आले तेव्हा त्यांच्या हातात दुसरी तार होती.

आईनं त्यांच्या कोटातून पहिली तार काढून तारीख वाचली. अण्णा म्हणाले, “पहिली वेळेवर मिळाली असती तरी तू पोचली नसतीस.” बहुधा तिचं दुःख कमी व्हावं म्हणून म्हणाले असतील. रसायनाचा हिशेब मांडावा तसं त्यांनी गाड्यांच्या वेळांचं गणित मांडून दाखवलं आणि ते गणित बरोबरही होतं. आई बेळगावला गेली, तेरा दिवसांनी परत आली, स्वैपाक केला, ताटं मांडली. आम्ही बसलो. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “कुंदे, त्यांना विचार, भात वाढू का.”

मला आधी तो खेळच वाटला. आठ दिवसांनी कळलं की खेळ नाही. अण्णांनी पाच-सहा महिने तिच्याशी बोलून बघितलं, समजूत घातली, एकदा चिडलेसुद्धा. नंतर त्यांनीही ‘तिला सांग’ सुरू केलं. नियम मात्र कुणी मोडला नाही. तिघांनी एकदम बसायचं म्हणजे बसायचं. बसायची खोली अण्णांची झाली, स्वैपाकघर आईचं. दोघं एकमेकांसमोर यायची ती फक्त डायनिंगमध्ये, त्यामुळे दिवसभराचं सगळं तिथं साठवून आणलं जायचं. कुणाचं लग्न आहे, आहेर काय करायचा, छपराचा पत्रा कुठे गळतोय, सगळं माझ्या तोंडून इकडून तिकडे. मला शेजारच्या मैत्रिणीचं काही सांगायचं असलं तर त्यात जागाच मिळायची नाही.

सोळाव्या वर्षी मी आईला एकदा विचारलं, तू अण्णांशी का बोलत नाहीस? ती तांदूळ निवडत होती. बोलत नाही असं कुठं आहे, वेळेवर वाढते की, असं म्हणून तिनं खडा बाजूला टाकला. अण्णांना विचारायचा धीर झाला नाही.

त्याआधी, नववीत असताना, मी शाळेच्या सहलीला पन्हाळ्यावर तीन दिवस गेले होते. परत आले तर टेबलावर मी निघाले त्या दिवशीचा पेपर तसाच पडलेला. अण्णा तिन्ही दिवस कॅंटीनमध्ये जेवले होते आणि आईनं स्वैपाकघरात पोह्यांवर भागवलं होतं. मी नसले की ह्या टेबलावर कुणी बसत नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा जे पक्कं बसलं ते बसलंच. पुन्हा मी एक रात्रसुद्धा बाहेर राहिले नाही. बी.एस्सी. सांगलीत केलं, रोज बसनं येऊन-जाऊन. नोकरी धरली तीही सांगलीच्या कॉलेजात, लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर म्हणून. मैत्रिणी हसायच्या. मी सांगायचे, मला घरचंच जेवण लागतं.

वर्षभरापूर्वी अण्णांना मधुमेह निघाला. साखर कारखान्यातल्या माणसाला साखर झाली म्हणून कॉलनीनं हसून घेतलं. डॉक्टरांनी दुपारचं जेवण घरी, वेळेवर आणि गरम घ्यायला सांगितलं, तेव्हापासून बाराच्या भोंग्याला ते घरी येऊ लागले. मी त्या वेळी सांगलीत. दुपारचं कसं करता, असं मी आईला विचारलं होतं. “झाकून ठेवते,” ती म्हणाली. म्हणजे अण्णा एकटे ताट उघडून जेवत असणार आणि ती आत बसत असणार. रोज दुपारी एकच्या सुमारास कॉलेजात डबा उघडताना ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर यायचं आणि माझा घास फिरायचा.

नागपूरचं पत्र आलं ते देशिंगकर सरांमुळे, कॉलेजच्या पत्त्यावर. ते आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनीच मला अर्ज करायला लावला होता. एका प्रयोगशाळेत पाण्याच्या तपासणीचं काम, बढतीची शक्यता, राहायला बायकांचं होस्टेल. पंधरा दिवसांत कळवायचं होतं. मला ते हवं होतं. किती हवं होतं ते मी त्या पंधरा दिवसांत पत्राची घडी किती वेळा उघडली त्यावरून मलाच कळलं. कागद घडीवर फाटायला आला.

पण जायचं तर टेबलाचं काय करायचं? दिवसातून एकदा, रविवारी दोनदा, ही दोन माणसं माझ्या आधारानं समोरासमोर बसत होती. मी गेले की पेपर आणि पोहे. त्यात अण्णांच्या गोळ्या.

मी शक्कल लढवली. मी बोललेच नाही तर? दहाव्या दिवशी घसा बसल्याचं सोंग केलं, गळ्याला मफलर गुंडाळला आणि जेवायला बसले.

“कुंदे, त्यांना विचार, पोळी वाढू का,” आई म्हणाली.

मी गळ्यावर हात ठेवून मान हलवली. आईनं अण्णांच्या ताटाकडे बघितलं. तिथली पोळी संपली होती. अण्णांनीही माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे. आईचा हात डब्यावर गेला आणि तिथंच राहिला. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता बोला, कुणीतरी एक शब्द बोला. अण्णांनी उरलेली भाजी नुसतीच खाल्ली, पाणी प्यायले आणि उठले. जेवणाआधीची गोळी त्यांनी घेतलेली होती. आईनं डबा बंद केला. पोळ्या आम्ही दुसऱ्या दिवशी कुस्करून खाल्ल्या.

सकाळी अण्णा लॅबोरेटरीच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन बसले. शिपायानं धरून घरी आणलं. गोळी घेऊन अर्धपोटी राहिल्यानं साखर उतरली होती. आईनं धावत जाऊन साखरेचं पाणी केलं. घाईत निम्मं पाणी सांडलं. खुर्चीपर्यंत आली, अण्णांच्या तोंडापाशी पेला नेला असता तर चाललं असतं. पण तिनं पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “दे त्यांना.”

त्याच दिवशी माझा घसा बरा झाला. पुढचे दोन दिवस मी कसेबसे काढले. चौदाव्या दिवशी सकाळी, घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही, असं लिहिलेलं पाकीट मी सांगली स्टॅंडवरच्या लाल पेटीत टाकलं आणि कॉलेजात गेले.

कॉलेजच्या एका जुन्या विश्वस्तांचं त्या दिवशी निधन झालं होतं. दहा वाजता शोकसभा झाली आणि सुट्टी. मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, मैत्रीण सिनेमाला चल म्हणत होती तिला टाळलं आणि घरची बस धरली. बाराचा भोंगा वाजून गेल्यावर कॉलनीत उतरले. आमचं पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. चपला काढून मी बसायच्या खोलीत पाऊल टाकलं तेवढ्यात डायनिंगमधून आईचा आवाज आला.

“कुंदे.”

माझी चाहूल लागली असं वाटून मी ओ देणारच होते.

“त्यांना विचार, ताक घेणार का.”

मग आवाज थांबला. थोडा वेळ काहीच नाही. नंतर अण्णांचा आवाज आला, “वाटीभर म्हणावं.”

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला आई, दोघांची ताटं वाढलेली. माझी खुर्ची रिकामी होती. आई त्या खुर्चीकडे तोंड करून बोलत होती, अण्णाही तिकडेच बघत होते. थट्टा अजिबात नव्हती. दोघंही सवयीनं, निवांत जेवत होती. एकाचं बोलून झालं की दुसरा थोडा थांबायचा. किती, तर माझं सांगून होईल एवढा वेळ.

आईनं उठून ताक वाढलं. अण्णांनी वाटी बाजूला सरकवली आणि खुर्चीला म्हणाले, “तिला सांग, देशिंगकरांचं कार्ड आलंय. कुंदाची नागपूरला निवड झाली आहे म्हणतात.”

थांबणं.

“त्यांना विचार, ती घरात का बोलली नाही. पंधरा दिवस पोरगी धड जेवत नाही.”

थांबणं. ह्या वेळी जरा जास्त.

“माझ्याही लक्षात आलं आहे म्हणावं. मी मुद्दाम विषय काढला नाही. तिला जायचं असतं तर बोलली असती. तिला आपल्याला सोडून राहता येत नाही. लहानपणापासून बघतोय, पन्हाळ्याहून आली तेव्हा कशी रडली होती.”

“खरं आहे. तिला आपल्यावाचून करमायचं नाही. कुणाला धरून राहायची सवय लागली की असंच होतं,” आई म्हणाली.

ह्या वेळी ती आधी ‘त्यांना सांग’ म्हणाली नव्हती आणि मधे थांबलीही नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी सरळ बोलली होती. दोघांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. अण्णा मान डोलवून ताक प्यायले.

मी पडदा तसाच सोडला. चपला हातात घेऊन बाहेर पडले, फाटकाबाहेर गेल्यावर पायात घातल्या. किती दिवसांपासून चाललं होतं हे? बहुतेक वर्षभर, भोंग्याला घरी यायला लागल्यापासून रोज. मग त्या सोंगाच्या दिवशी का नाही बोलले? तर मी समोर बसले होते म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत त्यांना ते करता येत नव्हतं. लाज वाटली असेल. माझी अडचणच झाली होती त्या दिवशी. मी रस्त्यानं चालत होते आणि मला हुंदका येत होता, पण कॉलनीत ओळखीची माणसं, म्हणून नाकाला रुमाल लावून मळीच्या वासाचं निमित्त केलं.

सव्वाची बस मिळाली. सांगली स्टॅंडवर उतरले तेव्हा दोन वाजले होते. पेटीवरच्या पत्र्यावर सकाळी आठनंतरची वेळ थेट साडेतीन लिहिलेली होती. म्हणजे माझं पाकीट अजून आत होतं. मी पेटीशेजारी उभी राहिले. पाय दुखायला लागले तरी हलले नाही. पत्र परत मागायचं, फाडायचं, नागपूरला तार करायची, रविवारी निघायचं. मी काय काय बोलायचं ते घोकत होते.

साडेतीनला पोस्टमन सायकलवरून आला. वयस्कर, भला माणूस दिसत होता. किल्ली लावून त्यानं पेटी उघडली, सगळी पत्रं पोत्यात ओढली. वरच्या चार-पाचांत माझं निळं पाकीट मला दिसलं. त्यानं माझ्याकडे बघून विचारलंही, काही टाकायचं आहे का बाई?

मी म्हणाले, नाही.

त्या क्षणाचा मी पुढे फार विचार केला आहे. आता अडुसष्ट वर्षांची झाले तरी करते. नियमाप्रमाणे त्याला पत्र देता आलं नसतं, पण मी मागितलंच नाही. पोतं उघडं होतं तेवढ्या वेळात मला नागपूरच्या होस्टेलमधली मी दिसले. लांब टेबल, ताट पुढ्यात, आणि मला कुणी काही विचारत नाही, मी कुणाला काही सांगत नाही.  अण्णा म्हणाले ते खरं होतं. ती दोघं माझ्यावाचून जेवत होती, मीच त्यांच्यावाचून जेवू शकत नव्हते. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, आणि ते स्टॅंडवर, एवढ्या गर्दीत.

रोजच्या साडेपाचच्या बसनं मी घरी गेले. आईनं काही विचारलं नाही, कारण मला उशीर झालाच नव्हता. आठ वाजता ताटं मांडली. वांग्याची भाजी होती. अण्णा आले, बसले. मी मधल्या खुर्चीवर बसले. आईनं आमटी वाढली आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं, तेवढ्यात मीच बोलले. त्या टेबलावर स्वतःचं असं मी पहिल्यांदाच काही सांगत होते.

“मला नागपूरला नोकरी मिळाली होती. मी येत नाही म्हणून कळवून टाकलं. आज पत्र गेलं.”

अण्णांचा हात ताटावर थांबला. आई माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, हे मी नक्की सांगते. मला वाटलं, आता ती उठेल, किंवा अण्णा तरी उठतील, कुणीतरी माझ्या खुर्चीपर्यंत येईल. दोघांनाही तेवढंच अंतर होतं.

आई हळूच म्हणाली, “त्यांना विचार, ऐकलं का.”

मी अण्णांकडे वळले.

“ऐकलं म्हणावं,” अण्णा म्हणाले.

मी आईकडे वळले आणि तिला सांगितलं, “ऐकलं म्हणतात.”